पाककृतींच्या साइटवर जाहिरातींच्या जागा: आरपीएम ०.५५ वर अडकलाय

फोडणीचं_वरण

नमस्कार मंडळी,

मराठी पाककृतींची वर्डप्रेस साइट आहे, साधारण २८० पाककृती. रोज सरासरी ४,००० पेजव्ह्यूज, त्यातले ८८% मोबाइलवरून. गूगलच्या जाहिरातसेवेचा, अर्थात अ‍ॅडसेन्सचा पेज आरपीएम (दर हजार पेजव्ह्यूजमागची कमाई) ०.५५ डॉलरच्या आसपास घुटमळतोय. दिवसाला २.२० डॉलर, म्हणजे पैसे मिळायचा १०० डॉलरचा उंबरठा गाठायला दीड महिना.

सध्याची मांडणी:

- मेनूखाली एक रिस्पॉन्सिव्ह (पडद्यानुसार आकार बदलणारं) जाहिरात युनिट
- पहिल्या परिच्छेदानंतर एक
- साइडबारमध्ये ३००×६०० पिक्सेलचं एक
- लेखाच्या शेवटी एक
- वर ऑटो अ‍ॅड्स (गूगल स्वतःच जागा निवडून टाकतं त्या) चालू, सेटिंग जशी आली तशीच

यातल्या तीन जागी एकाच युनिटचा कोड डकवलाय. रिपोर्टमध्ये अ‍ॅक्टिव्ह व्ह्यू (खरोखर नजरेस पडलेल्या जाहिरातींचं प्रमाण) ३४% दिसतो. सर्च कन्सोल मोबाइलसाठी सीएलएस (पान उघडताना मजकूर किती हलतो त्याचा आकडा) ०.३१ आणि एलसीपी (पानाचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) ३.९ सेकंद दाखवतं. प्रत्येक पाककृतीच्या वर "थेट कृतीकडे" असं बटण आहे. जाहिराती घालायला अ‍ॅड इन्सर्टर प्लगइन वापरते.

आणखी तीन युनिट्स टाका असा सल्ला मिळतोय. टाकू, की आहेत त्यांच्याच जागा हलवू? हलवायच्या तर कुठे?

---

मोजपट्टी

तीन युनिट्सचा विषय आधी डोक्यातून काढा. ३४% अ‍ॅक्टिव्ह व्ह्यू म्हणजे लावलेल्या दर तीन जाहिरातींपैकी दोन कुणाच्या नजरेलाच पडत नाहीत. गळक्या हंड्यात आणखी पाणी ओतून काय होणार?

व्ह्यूएबलची, म्हणजे जाहिरात दिसली असं मानण्याची, व्याख्या तशी काही कडक नाही. जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर राहिला की झालं. २,४२,५०० पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या जाहिरातीला ३०% भागही चालतो (९७०×२५० बरोबर याच आकड्यावर बसते). एवढी सवलत असून ३४% येतंय, म्हणजे जागाच चुकल्यात. आणि याचा पैशाशी थेट संबंध आहे: गूगल अ‍ॅड्समध्ये सीपीएमने (दर हजार वेळा दाखवण्याच्या दराने) बोली लावणारा जाहिरातदार फक्त व्ह्यूएबल इम्प्रेशनचे (जाहिरात एकदा दाखवली जाण्याचे) पैसे मोजतो. न दिसलेल्या जागेचे त्याच्याकडून शून्य.

आता पहिलं काम. एकच कोड तीन जागी असेल तर रिपोर्ट तिन्हींची खिचडी दाखवणार. प्रत्येक जागेला वेगळं युनिट करा, मोबाइल आणि डेस्कटॉपचंही वेगळं. नावं अशी द्या की सहा महिन्यांनी वाचूनही कळेल: "मोबा-साहित्यानंतर", "मोबा-कृती-मध्ये", "डेस्क-साइडबार-६००". "नवीन युनिट ३" असं नाव ठेवाल तर पुढच्या दिवाळीत स्वतःलाच विचाराल, हे कुठलं.

मग मांडणीला हात न लावता दोन पूर्ण आठवडे तसंच चालू द्या. सोमवार ते रविवार, असे दोन. पाककृतींच्या साइटचा रविवार आणि मंगळवार सारखा नसतो, त्यामुळे दहा दिवसांची तुलना चौदा दिवसांशी केलीत तर फसाल. गणपती, नवरात्र, दिवाळी या काळात मोजमाप सुरू करू नका. मोदक आणि चकलीच्या पानांवर गर्दी लोटते, बोल्याही चढतात, आणि तुम्हाला वाटतं आपण जागा हलवली म्हणून कमाई वाढली. तसंच मार्च आणि एप्रिल एकमेकांशी ताडून बघू नका. आर्थिक वर्ष संपताना उरलेलं बजेट खर्ची पडतं आणि एप्रिलमध्ये हात आखडतो.

आकडे बघताना सीटीआरच्या (क्लिकच्या टक्केवारीच्या) मागे लागू नका. २०२४ च्या सुरुवातीपासून अ‍ॅडसेन्स प्रामुख्याने इम्प्रेशनवर पैसे देतं. "क्लिक येईल अशी जागा शोधा" हा जुना सल्ला तेव्हाच शिळा झाला. आता "दिसेल अशी जागा" शोधायची.

आणि एकेका युनिटच्या आरपीएमवर निकाल लावू नका. दोन युनिट्स काढली की उरलेल्या दोघांचा आकडा आपोआप फुगतो, पण पानाची एकूण कमाई घटलेली असू शकते. बघायचा तो पेज आरपीएम: कमाई भागिले पेजव्ह्यूज गुणिले १,०००. त्याच्याही पुढे जाऊन सत्रामागची (एका वाचकाच्या एका भेटीमागची) कमाई काढा. समजा पूर्ण पडदाभर जाहिरातींनी पेज आरपीएम ०.७० झाला, पण वैतागून लोक सत्राला १.६ पानंच बघायला लागले, तर १,००० सत्रांमागे १.१२ डॉलर. ०.६० आरपीएम आणि २.१ पानं असतील तर १.२६ डॉलर. आरपीएम कमी, पैसे जास्त.

---

खिळा_फळी

मोजपट्टींशी सहमत. जागांबद्दल मी लिहितो.

८८% मोबाइल आहे ना, मग साइटचा साइडबार विसरा. बहुतेक थीम मोबाइलवर साइडबार उचलून मजकुराच्या खाली नेऊन ठेवतात. तुमची ३००×६०० तिथं प्रतिक्रियांच्याही खाली, फुटरच्या डोक्यावर बसलेली असणार. फोनवर उघडून पाहा. ३४% मधला मोठा खड्डा बहुधा तिथंच आहे. मोबाइलवर ती बंद करा, डेस्कटॉपवर राहू द्या.

दुसरी चुकलेली जागा मेनूखालची. लोकांना वाटतं सगळ्यात वर म्हणजे सगळ्यात जास्त दिसणार. तसं नाही. गूगलनेच २०१४ मध्ये दाखवून दिलं होतं की सगळ्यात जास्त दिसणारी जागा पानाचा माथा नसून पहिला पडदा जिथं संपतो त्याच्या जरा वर आहे. कारण साधं आहे: जाहिरात लोड व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात वाचकाचा अंगठा खाली सरकलेला असतो. शिवाय ती जाहिरात तुमचा मुख्य फोटो खाली ढकलते.

पाककृतीच्या पानावर वाचक कुठे थांबतो ते बघा. प्रस्तावना कुणी वाचत नाही (हलकंच घ्या). तो थांबतो दोन ठिकाणी. एक, साहित्याची यादी: डब्यात किती बेसन उरलंय ते बघून येईपर्यंत फोन तिथंच उघडा असतो. दोन, कृतीच्या पायऱ्या: "मंद आचेवर ८ मिनिटं परता" असं लिहिलं असेल तर पडदा ओट्यावर आठ मिनिटं तसाच. म्हणून मोबाइलसाठी मी असं मांडेन:

१. मुख्य फोटो आणि दोन-तीन ओळींच्या ओळखीनंतर एक युनिट. ३००×२५० चालेल. मोबाइलवर पहिल्या पडद्यात ३००×२५० लावायला अ‍ॅडसेन्सने मे २०१७ पासून मुभा दिली आहे, फक्त जाहिरातीने मजकूर पडद्याबाहेर ढकलू नये.

२. साहित्याची यादी संपली की कृती सुरू होण्याआधी एक. ही तुमची सगळ्यात कमावती जागा ठरेल असा माझा अंदाज.

३. कृतीच्या चौथ्या-पाचव्या पायरीनंतर एक, पण पायऱ्या किमान आठ असतील तरच.

४. टिपा संपल्यावर, प्रतिक्रियांच्या आधी एक. इथं मल्टिप्लेक्स (जाळीत मांडलेल्या अनेक छोट्या जाहिराती) लावून बघता येईल. फार कमावत नाही, पण पान संपलेल्या माणसाला अडथळाही होत नाही.

साहित्याच्या यादीच्या मधोमध कधीही नको. "हळद पाव चमचा" आणि "हिंग चिमूटभर" यांच्यामध्ये विम्याची जाहिरात आली की वाचक हिंग विसरतो आणि तुमची साइटही.

आकाराचं गणित करून घ्या. बरेच अँड्रॉइड फोन रुंदीला ३६० पिक्सेल धरतात. थीमने दोन्ही बाजूंना १६ सोडले की उरतात ३२८. त्यात ३३६×२८० मावत नाही, ३००×२५० मावते. युनिटची फुल-विड्थ रिस्पॉन्सिव्ह सोय चालू असेल तर जाहिरात तो समास मोडून पडद्याच्या कडेपर्यंत पसरते. वाईट दिसत नाही, पण उंची बदलते, आणि त्याचा त्रास पुढे सीएलएसमध्ये होतो.

आता किती जाहिराती लावायच्या ते. जाहिरातींची मानकं ठरवणाऱ्या कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्सचा मोबाइलचा नियम: मुख्य मजकुराच्या उंचीत जाहिरातींची एकूण उंची ३०% च्या वर जाता कामा नये. क्रोम ९ जुलै २०१९ पासून जगभर हे मानक लावतं, आणि वारंवार मोडणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती रोखू शकतं. मोजायला क्रोमची डेव्हलपर टूल्स मोबाइल मोडमध्ये उघडा, लेखाच्या डब्यावर बाण न्या, उंची दिसते. समजा जाहिराती धरून ४,२०० पिक्सेल आली आणि आत २८० उंचीच्या चार जाहिराती आहेत: १,१२०, म्हणजे २६.७%. पाचवी टाकली की पानही २८० ने वाढतं: १,४०० भागिले ४,४८०, झाले ३१.२५%. गेलात बाहेर. आणि काकडीच्या कोशिंबिरीचं पान जाहिराती धरूनही २,००० चंच असेल तर दोन जाहिराती हीच मर्यादा. त्यामुळे सगळ्या पानांना सरसकट चार लावू नका. इन्सर्टरमध्ये ब्लॉकला किमान शब्दसंख्येची अट घाला, लहान पाककृतीत तिसरी-चौथी आपोआप गळेल.

परिच्छेद मोजून जाहिरात टाकण्यापेक्षा इन्सर्टरमध्ये एचटीएमएल घटकाच्या आधी किंवा नंतर टाकायची सोय आहे ती वापरा. साहित्याच्या यादीला स्वतःचा क्लास द्या आणि "त्यानंतर" निवडा. परिच्छेद मोजायला गेलात तर एका पाककृतीत प्रस्तावना दोन परिच्छेदांची, दुसरीत सहा, आणि जाहिरात कुठेही जाऊन आदळते.

---

फोडणीचं_वरण

खूप धन्यवाद दोघांनाही. फोनवर पाहिलं, साइडबारची जाहिरात खरंच फुटरच्या वर होती. दोन शंका: ऑटो अ‍ॅड्स पूर्ण बंद करू का? आणि "थेट कृतीकडे" बटण दाबल्यावर पान कृतीच्या थोडं वर किंवा खाली कुठेतरी थांबतं, त्याचा जाहिरातींशी काही संबंध?

---

सुतळी_दोरा

बटणाचं उत्तर आधी. संबंध आहे, आणि तोच तुमच्या ०.३१ सीएलएसचाही एक धागा आहे.

बटण दाबलं की ब्राउझर त्या क्षणी कृती जिथं आहे तिथं उडी मारतो. वरच्या जाहिरातींच्या जागा तेव्हा रिकाम्या, शून्य उंचीच्या असतात. उडी झाल्यावर त्या भरतात, २८०-२८० पिक्सेल वाढतात आणि कृती खाली सरकते. इलाज एकच: जाहिरात येण्याआधीच तिची जागा राखून ठेवायची. प्रत्येक युनिटभोवती एक डिव्ह (कोडमधला डबा) घ्या, सीएसएसमध्ये त्याला किमान उंची द्या: मोबाइलच्या मजकुरातल्या युनिटला २८० पिक्सेल, डेस्कटॉपच्या साइडबारला ६००. आत २५० उंचीची आली तर ३० पिक्सेल मोकळे राहतील, राहू देत. जाहिरात नाहीच आली तरी डबा मिटवू नका, मिटवणं हीसुद्धा हालचालच. आणि युनिटचा आकार पक्का करा. रिस्पॉन्सिव्ह कोडमध्ये डेटा-अ‍ॅड-फॉरमॅट "ऑटो" ऐवजी "रेक्टँगल" आणि फुल-विड्थ "फॉल्स" ठेवलंत की उंच जाहिरात येऊन डबा फाडत नाही.

वरचा मेनू चिकटून राहणारा असेल तर कृतीचं शीर्षक त्याच्याखाली लपतं. त्याला सीएसएसचा स्क्रोल-मार्जिन-टॉप मेनूच्या उंचीइतका द्या.

या बटणाचा कमाईवर आणखी एक परिणाम आहे. बटण वापरणारा वाचक वरच्या जाहिराती ओलांडून जातो, त्यामुळे खिळा_फळींची क्रमांक १ ची जागा त्याच्यापुरती वाया. म्हणून क्रमांक २, म्हणजे साहित्य आणि कृतीच्या मधली, ती बटणाच्या उडीनंतर दिसेल अशी पाहिजे. बटण "कृती" या शीर्षकावर नेत असेल तर ते साहित्याच्या शीर्षकावर न्या. वाचकालाही आधी साहित्यच हवं असतं.

सगळा दोष जाहिरातींवर टाकण्याआधी एक तपासणी करा. जाहिराती बंद करून (प्लगइनमध्ये ब्लॉक थांबवून) तेच पान क्रोमच्या परफॉर्मन्स पॅनलमध्ये चालवा आणि लेआउट शिफ्टच्या खुणा बघा. मराठी साइट्सवर बऱ्याचदा खरा चोर वेबफॉन्ट असतो. आधी फोनमधल्या देवनागरी फॉन्टमध्ये मजकूर येतो, मग तुमचा फॉन्ट उतरतो. दोघांची अक्षररुंदी आणि ओळीची उंची वेगळी, सगळा परिच्छेद हलतो. लॅटिन लिपीत हे तितकं जाणवत नाही. आपल्याकडे मात्रा, वेलांट्या, उकारांमुळे ओळींची उंची मुळात जास्त, म्हणून फरकही ठसठशीत. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, फक्त लागणारी दोन वजनं घ्या आणि प्रीलोड करा (पान उघडतानाच आधी उतरवून घ्या).

लक्ष्य: सीएलएस ०.१ च्या आत, एलसीपी २.५ सेकंदांच्या आत. सर्च कन्सोलचा आकडा मागच्या २८ दिवसांचा असतो, आज दुरुस्त केलं आणि उद्या बघितलं तर काही हललेलं दिसणार नाही. धीर धरा.

कॅशिंग-ऑप्टिमायझेशनचं कुठलं प्लगइन असेल तर त्यात "जावास्क्रिप्ट उशिरा चालवा" अशी सोय बघा. ती चालू असली की वाचक पडद्याला हात लावेपर्यंत अ‍ॅडसेन्सची स्क्रिप्टच सुरू होत नाही. वेगाच्या चाचणीत हिरवे गुण मिळतात आणि पहिल्या पडद्यावरची जाहिरात मात्र गायब. अ‍ॅडसेन्सची फाइल त्या यादीतून वगळा. तीच स्क्रिप्ट प्रत्येक युनिटसोबत पुन्हापुन्हा डकवलेली असेल तर हेडमध्ये एकदाच ठेवा.

---

तळटीप

ऑटो अ‍ॅड्सबद्दल.

पूर्ण बंद करू नका, अर्धवट ठेवा. अ‍ॅडसेन्समध्ये अ‍ॅड्स या भागात जाऊन तुमच्या साइटसमोरची पेन्सिल दाबा. पानातल्या जाहिराती बंद करा. हाताने लावलेल्या युनिट्सच्या मध्ये त्या कुठेही उगवतात, किमान उंची नसते आणि यादीच्या पोटात शिरणारी विम्याची जाहिरात बहुतेकदा हीच असते. ठेवायच्याच असतील तर जाहिरातींचं प्रमाण कमी करा आणि वगळलेल्या जागांमध्ये साहित्याची यादी निवडून टाका.

अँकर चालू ठेवा. पडद्याच्या तळाशी चिकटून राहते, अख्खा वेळ दिसते, व्ह्यूएबिलिटी चांगली मिळते. मात्र ती कधीकधी माथ्यावरही येते आणि मेनू झाकते. फक्त खालीच हवी असेल तर स्क्रिप्टच्या टॅगमध्ये डेटा-ओव्हरलेज हा गुणधर्म "बॉटम" करून टाका. तुमचं स्वतःचं काही खाली चिकटलेलं असेल, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण किंवा कुकीची पट्टी, तर ते आधी वर सरकवा. दोन चिकट गोष्टी एकमेकींवर बसल्या की चुकून क्लिक होतात. अँकरला पर्याय म्हणून स्वतःच्या सीएसएसने मोबाइलवर जाहिरात चिकटवण्याच्या फंदात पडू नका.

व्हिनेट, म्हणजे एका पानावरून दुसऱ्यावर जाताना येणारी पूर्ण पडदा जाहिरात, ही चव बघून घालायची गोष्ट. एका वाचकाला पुन्हा किती वेळाने दाखवायची ते ठरवता येतं, मोठ्यात मोठा अवधी निवडून सुरुवात करा. मोजपट्टींनी सत्रामागच्या कमाईचं जे गणित दिलंय ते इथंच लागू पडतं.

चुकून होणाऱ्या क्लिकांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पाककृतींच्या साइटला हा धोका इतरांपेक्षा मोठा आहे. तुमचा वाचक कणीक मळता मळता करंगळीच्या टोकाने पान सरकवतो. जाहिरात बटणाला खेटून असेल तर ती दाबली जाणारच. असे क्लिक जाहिरातदाराच्या कामाचे नसतात, तो लगेच मागे फिरलेला दिसतो. गूगल मग त्या जागेवर दुसऱ्यांदा खात्री विचारणारं बटण लावतं आणि कमाई कोसळते. महिनाअखेरीला अंदाजित रकमेतून अवैध क्लिकांची वजावट होते ती वेगळीच. म्हणून:

"थेट कृतीकडे", "छापा", "शेअर करा" या बटणांपासून आणि मेनूपासून जाहिरात लांब ठेवा. मी मोबाइलवर वर-खाली किमान २४ ते ३२ पिक्सेल मोकळे सोडतो, बटणाशेजारी तर जाहिरात लावतच नाही. जाहिरातीवर शीर्षक द्यायचं तर "जाहिरात" एवढंच. "आणखी पाककृती" किंवा "हेही करून पाहा" अशा मथळ्याखाली जाहिरात ठेवणं हा सरळ नियमभंग. पाककृतींच्या फोटोंच्या ओळीत, त्याच आकाराच्या चौकटीत डिस्प्ले युनिट बसवणंही तसंच; तिथं इन-फीड (अशा ओळीत बसण्यासाठी बनवलेलं) युनिट वापरा. स्वतःच्या जाहिरातीवर तपासायलाही क्लिक नको. पान आपोआप रिफ्रेश करून इम्प्रेशन वाढवायचा उद्योगही नको.

आणि एक, बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट. रिपोर्टमध्ये देशानुसार फोड करून बघा. मराठी पाककृतींना परदेशातून वाचक असतात, लंडन किंवा म्युनिकमध्ये पुरणपोळी करणारा इंटरनेटवरच शोधणार. ती पेजव्ह्यूज थोडी असली तरी बोल्या भारतापेक्षा बऱ्याच चढ्या असतात. पण १६ जानेवारी २०२४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि ब्रिटनमधल्या वाचकांना वैयक्तिक जाहिराती दाखवायच्या तर गूगलने प्रमाणित केलेली संमती-खिडकी लागते. नसेल तर तिथली कमाई दबते आणि तुम्ही उगाच जागा हलवत बसता. अ‍ॅडसेन्सच्या प्रायव्हसी अँड मेसेजिंगमध्ये गूगलची स्वतःची खिडकी फुकट आहे, ती चालू करा.

---

मोजपट्टी

अँकरबद्दल +१. एकच जोड: ३०% च्या हिशेबात तिची उंचीही धरून चला.

मेनूखालच्या युनिटबद्दल खिळा_फळींशी माझा थोडा मतभेद. मोबाइलवर काढाच. पण डेस्कटॉपवर ७२८×९० तिथं ठीक चालते, रुंद पडद्यावर ९० पिक्सेलने फार काही ढकललं जात नाही. ९७०×२५० मात्र नको, अर्धा पडदा तीच खाते.

---

खिळा_फळी

मान्य. १२% वाचकांसाठी भांडायला नको.

---

फोडणीचं_वरण

हे सगळं एकाच दिवशी करून टाकू का? आणि मोबाइलवर साइडबार लपवायला "डिस्प्ले नन" लावलं तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये "अव्हेलेबलविड्थ=०" अशी लाल ओळ येते.

---

सुतळी_दोरा

लाल ओळीचं कारण: तुम्ही बाहेरचा डबा लपवलात, पण आतला कोड चालतोच. तो विचारतो रुंदी किती, उत्तर येतं शून्य, आणि तो कुरकुरतो. टॅबच्या किंवा मिटलेल्या अ‍ॅकॉर्डियनच्या आत युनिट ठेवलं तरी हीच ओळ येते. दोन मार्ग. रिस्पॉन्सिव्ह युनिट असेल तर सीएसएसची मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीची अट) थेट जाहिरातीच्या इन्स टॅगवर लावा, बाहेरच्या डब्यावर नको. रिस्पॉन्सिव्ह कोडसाठी अ‍ॅडसेन्सला हे चालतं, ठरावीक आकाराच्या युनिटला चालत नाही. किंवा इन्सर्टरमध्ये त्या ब्लॉकला "फक्त डेस्कटॉप" निवडा. यात एक मेख आहे: सर्व्हरकडून उपकरण ओळखायची पद्धत निवडलीत आणि पानं कॅश होत असतील (साठवलेली प्रत दाखवली जात असेल) तर पहिल्यांदा डेस्कटॉपवाल्याने उघडलेलं पान पुढे मोबाइलवाल्यालाही तसंच मिळतं. कॅश मोबाइलसाठी वेगळी ठेवा, नाहीतर ब्राउझरकडून ओळखायची पद्धत घ्या.

---

मोजपट्टी

एकाच दिवशी नको, नाहीतर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. क्रम असा:

पहिला आठवडा: युनिट्स वेगळी करणं, किमान उंची, फॉन्ट, संमती-खिडकी. ही दुरुस्ती आहे, प्रयोग नव्हे, एकत्र चालेल. मग दोन आठवडे पायाभूत मोजणी. त्यानंतर मोबाइलवरची मेनूखालची आणि साइडबारची काढून साहित्यानंतरची लावा, दोन आठवडे. मग ऑटो अ‍ॅड्समधून पानातल्या जाहिराती बंद, अँकर चालू, पुन्हा दोन आठवडे. व्हिनेट सगळ्यात शेवटी.

अ‍ॅडसेन्समधले एक्स्पेरिमेंट्स वाचकांची विभागणी करून ऑटो अ‍ॅड्सच्या सेटिंगची तुलना करून देतात, तेवढ्यापुरते जरूर वापरा. तुमच्या हाताने ठरवलेल्या जागांची तुलना मात्र ते करत नाहीत. त्यासाठी सोपी युक्ती: तुमच्या पानांच्या पत्त्यात वर्गाचं नाव असेल (भाज्या, गोड पदार्थ वगैरे) तर त्या त्या मार्गाचं यूआरएल चॅनेल (तेवढ्या पत्त्यांचा वेगळा रिपोर्ट) करा. एका वर्गात नवी मांडणी, दुसऱ्यात जुनी, आणि दोन्हींचा पेज आरपीएम त्याच आठवड्यात शेजारी-शेजारी. सणासुदीचा चढउतार दोघांनाही सारखाच लागतो असे दोन वर्ग निवडा. गोड पदार्थ आणि कोशिंबिरी ही जोडी श्रावणात चालणार नाही. पत्त्यात वर्ग नसेल तर केवळ यासाठी पत्ते बदलू नका, गूगलवरून येणारे वाचक घालवून बसाल.

आकड्यात ०.५५ चा ०.५८ झाला तर त्याला वाढ म्हणू नका, एवढं वर-खाली हवेनेही होतं. दोन्ही आठवड्यांत, मोबाइलवर स्वतंत्रपणे, त्याच दिशेने १५-२०% फरक दिसला तरच मांडणी कायम करा. आणि अ‍ॅक्टिव्ह व्ह्यू ४५% च्या खाली असलेलं कुठलंही युनिट मी हलवतो किंवा काढतो. ही माझी रेघ, कुठल्या नियमात लिहिलेली नाही.

---

उसाचा_रस

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. माझा ब्लॉगस्पॉट आहे, तिथं इन्सर्टर नाही. थीममध्ये अ‍ॅडसेन्सची स्क्रिप्ट डकवली की सेव्हच होत नाही, एक्सएमएलची चूक दाखवतं. शिवाय थीममध्ये जुनी लिंक युनिट्सही (दुव्यांच्या यादीसारख्या जाहिराती) आहेत, ती ठेवू का?

---

सुतळी_दोरा

लिंक युनिट्स २०२१ मध्येच बंद झाली, तो कोड काढून टाका.

स्क्रिप्टच्या टॅगमध्ये "असिंक" हा शब्द एकटाच लिहिलेला असतो, ब्लॉगरच्या थीमला तो चालत नाही. त्याला बरोबरचं चिन्ह लावून अवतरणात तोच शब्द पुन्हा लिहा, असिंक='असिंक'. पत्त्यात कुठे अँडचं चिन्ह असेल तर तेही एक्सएमएलच्या पद्धतीने बदला. लेखाच्या मधल्या जागेसाठी पोस्टच्या एचटीएमएल दृश्यात जाऊन युनिट हाताने टाकावं लागतं. एकदा तिथं टाकलं की पुन्हा लिहिण्याच्या दृश्यात जाऊन सेव्ह करू नका, कधीकधी कोडची मोडतोड होते. जुन्या शेकडो पोस्ट असतील तर सगळ्यांना हात लावू नका. रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त वाचली जाणारी तीस पानं शोधा आणि तेवढ्यांतच टाका.